तारीख नसलेली श्रद्धांजली

माझे वडील मरायच्या आधी दोनदा मेले होते.

पारोळ्यात जे अप्पांच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकले, त्यांना 'नमुना' नावाची फाईल आठवत असेल.

आपल्याकडे टायपिंगच्या दुकानात सगळ्यात जास्त काम कशाचं येतं? लग्नाचं आणि मयताचं. म्हणून अप्पा शेवटच्या धड्याला श्रद्धांजलीचा मेसेज बनवायला लावायचे. फोटो लावा, हार टाका, मजकूर लिहा, ग्रुपवर पाठवा.

फोटो कोणाचा लावायचा? दुसऱ्या कोणाचा लावला तर भांडणं. म्हणून अप्पांनी स्वतःचाच दिला. हसरा. मजकूरही स्वतःच लिहून 'नमुना' फाईलमध्ये ठेवला.

आईनं ते पाहिलं आणि हातातलं काम टाकून आली. "जित्ता माणूसना फोटोले हार? हाई बरं नही."

अप्पा म्हणाले, "अवं, कॉम्प्युटरले अपशकुन समजत नही."

कॉम्प्युटरला नसेल समजत. पुढे जे झालं ते सांगते.

एका बॅचमधल्या कोणीतरी तो मेसेज क्लासच्या ग्रुपवर न टाकता घरच्या ग्रुपवर टाकला. लगेच डिलीटही केला. पण तोवर तो पुढे गेला होता.

अप्पा स्वतःच शिकवायचे, "पत्र टाकलं की आपल्याकडे राहत नाही. मेसेजचं तसं नाही. तुमच्याकडे एक, सर्व्हरवर एक, समोरच्याकडे एक. डिलीट करणं म्हणजे आपल्या घरातला दिवा मालवणं. गल्लीतले चालूच राहतात."

पहिला फोन जामनेरहून आला, जुन्या विद्यार्थ्याचा. अप्पांनी उचलला. "बोलतोय. अजून बोलतोय." दिवसभर हसत होते.

पुढच्या वर्षी तोच मेसेज परत फिरला.

कारण त्यावर तारीखच नव्हती. नमुन्याला कशाला हवी तारीख? म्हणून तो कधी शिळाच झाला नाही.

या वेळी पिंपळनेरहून नाना आले. नाना म्हणजे आईचा सख्खा भाऊ. गाडी करून, मामींना घेऊन, कोपऱ्यापासून रडत. अप्पा चहाचा कप घेऊन दारात उभे.

नानांनी त्यांना घट्ट मिठी मारली. मग इतके चिडले की पाणीही न घेता परत फिरले.

त्यानंतर अप्पा हसायचे बंद झाले.

सगळ्या ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाकला, "मी जिवंत आहे." मरणाची बातमी सुरतेपर्यंत गेली होती. खुलासा बसस्टँडच्या पुढे गेला नाही.

मग त्यांनी धडाच बदलला. प्रत्येक बॅचला सांगायचे, "बातमी आली की पुढे ढकलू नका. ज्याच्याबद्दल आहे, त्यालाच फोन लावा."

मला त्या दिवसांत उगाच भीती वाटायची. फोन वाजला की आधी अप्पा कुठे आहेत ते बघायचे.

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी, सकाळी क्लास उघडून राउटर चालू करताना ते खाली बसले. ते उठले नाहीत.

मी सगळ्या ग्रुपवर लिहिलं. अप्पा गेले. दुपारी चारला नेणार.

उत्तरं आली.

"जुना मेसेज आहे."

"फॉरवर्ड करू नका."

"सरांनीच शिकवलंय, आधी खात्री करा."

आणि मग अप्पांचा फोन वाजायला लागला.

त्यांच्याच खिशात.

खात्री करत होते सगळे. शिकवलं होतं तसंच. मी एकेक उचलत होते.

"हॅलो, सर?"

"सर नाहीत."

"बाहेर गेलेत का?"

काय सांगू सांगा.

आई सारखं दाराकडे बघत होती. माहेरचं माणूस आल्याशिवाय ती अप्पांना हलवू देईना. मी नानांना फोन लावला.

"पोरी, मांगे बी आसंच सांगेल व्हतं," नाना म्हणाले. "दाजीले फोन दे."

मी नुसती रडले. त्यांनी फोन ठेवला.

चारचे पाच झाले. मग शेजाऱ्यांनी आईला समजावलं आणि नेलं. खांदा गल्लीनं दिला. ज्या पोरांना त्यांनी शिकवलं, त्यातले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

नाना तिसऱ्या दिवशी आले. उंबऱ्यावरच बसून राहिले. आईही त्यांना आत ये म्हणाली नाही.

आज सकाळी मला एका अनोळखी नंबरवरून तोच मेसेज आला. तोच फोटो, तोच हार, अप्पा हसताहेत.



मग मी क्लास उघडला. अप्पांच्या कॉम्प्युटरवरची 'नमुना' फाईल काढली आणि तिच्यात तारीख टाकली.

खाली जोडली आहे. ही खरी आहे.

कोणाला खात्री करायची असेल तर त्यांच्या नंबरवर फोन लावा. मी तो बंद केलेला नाही.

मी उचलेन.

अप्पा, श्रद्धांजली तुम्हीच लिहून ठेवली होती. मी फक्त नमस्कार करते.