शेवटच्या ओळीतली छाप

माझा काका आमच्या गावी, रोहण्याला, शिलाईचं काम करायचा आणि डफावर गायचा. गावचा शाहीरच तो. आमच्याकडे गाणं कोणीही लिहो, शेवटच्या ओळीत गाणाऱ्या शाहिराचं नाव पडतं. त्याला छाप म्हणतात. छाप ज्याची, गाणं त्याचं, आणि गाण्याचं बरंवाईटही त्याच्याच माथी.

सत्तरच्या दशकात मी आर्वीला कॉलेजात होतो. एका मित्राकडे मुंबईहून सायक्लोस्टाइल केलेली अनियतकालिकं यायची. त्यातल्या कवितांना ना यमक, ना लाज. वाचून डोकं भणाणायचं. मी केस वाढवले, देवळात जाणं सोडलं, साऱ्या जगाला शिव्या घालत हिंडायचो. मोठा बंडखोर! डोंबलाचा बंडखोर.

एक अंक काकाला वाचून दाखवला. त्याने मशीन थांबवली. "यमक नाई, पण खरं बोलून राह्यले रे हे लोक. मले असं एक लिहून दे ना बावा."

त्याच उन्हाळ्यात गावातली एक नवी सून विहिरीत गेली होती. पाय घसरला, असं सगळे म्हणत. तिच्या पाठीवरचे वळ मात्र शेवटची अंघोळ घालणाऱ्या बायांनी पाहिले होते. माझी आई त्यांच्यात होती. मी तेच लिहिलं, वळांसकट. काकाने चाल लावली, शेवटी आपली छाप घातली आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मारुतीच्या पारावर गायला. पोरीचा सासरा समोरच बसला होता.

दुसऱ्या दिवशी गावाची बैठक बसली. पंचांनी विचारलं, "ही घाण कोनं लिवली?"

"छाप कोनाची आहे? माही," काका म्हणाला.

मी त्याच्या मागेच बसलो होतो. त्याच्या पाठीआड आणखी दडलो. गावाने त्याचा डफ काढून घेतला आणि पुन्हा गायचं नाही, असं बजावलं.

आणि मी काय केलं? तेच गाणं मुंबईच्या एका अंकाला पाठवलं, शेवटची ओळ कापून, माझ्या नावाने. कौतुकाची पत्रं आली. धाडसी कवी म्हणे! मी ती पत्रं पोरांना दाखवत फिरलो. थू माझ्या जिंदगीवर.

पुढे काका दोऱ्याची रिळं घ्यायला आर्वीला आला, तेव्हा माझ्या खोलीवर तो अंक त्याच्या हाती लागला. उभ्यानेच वाचला. आता कानाखाली वाजवतो, असं मला वाटलं.

"मस्त छापलं," तो म्हणाला. "आता तुले भेव नाई ना? मंग एकदा गावात येजो अन् सांगजो, लिवनारा तू होता म्हणून. मी नुसता गायलो म्हणतील, डफ वापस देतील मले."

पोळ्याला येतो म्हटलं. मग पुढच्या पोळ्याला. ऐंशीनंतर कधीतरी तार आली आणि मी रोहण्याला पोचलो, तोवर काकाला तिरडीवर बांधलं होतं.