दसऱ्याचा जोड

कमळाकर घरत हा पनवेलमधला सगळ्यात भित्रा वायरमन होता, आणि म्हणूनच शेवटी मी गाडी त्याच्याकडे नेली. शूर वायरमन माझे तीन पाहून झाले होते. एकाने बॅटरी बदलायला लावली, दुसऱ्याने डिझेलचा फिल्टर, आणि तिसऱ्याने तर ‘डिझेल गाडीला कसली आलीय इलेक्ट्रिकची भानगड’ म्हणून मलाच वेड्यात काढलं. गाडी मात्र तिचं ते करतच होती. चालता चालता ती मरायची.

मरायची म्हणजे आचके देत वगैरे नाही. पाय ॲक्सिलरेटरवर, गाडी वेगात, आणि इंजिनाचा जीव एकदम गुल. पाच-दहा सेकंदांनी चावी फिरवली की पहिल्या झटक्यात सुरू, जसं काही झालंच नाही. आधी महिन्यातून एकदा व्हायचं, मग आठवड्यातून. चौऱ्याण्णव सालच्या जानेवारीत ती पळस्प्याच्या अलीकडे अशी मेली, तेव्हा मागे न्हावा शेव्याचा कंटेनर होता आणि शेजारच्या सीटवर माझी बायको अनुया पाच वर्षांच्या कादंबरीला मांडीवर घेऊन बसली होती. कंटेनर थांबला. किती अंतरावर थांबला हे मागे वळून पाहायची माझी हिंमत झाली नाही. ‘बाबा, तुम्ही रडताय का?’ कादंबरीने विचारलं. मी नाही म्हटलं, ते खोटं होतं.

दुसऱ्या दिवशी तळोज्याच्या कारखान्यात रजा टाकली आणि गाडी ठाणा नाक्यावर कमळाकरच्या पत्र्याच्या टपरीपुढे उभी केली.

कमळाकर गव्हाणकडचा. बाप-आजा मिठागरात राबलेले. सरकारी प्रकल्पात जमिनी गेल्या तेव्हा भाऊबंदांनी डंपर घेतले, ह्याने पकड आणि टेस्टर घेतला. डंपरची त्याला भीती वाटायची. त्याला ज्याची भीती वाटत नाही असं काही नव्हतंच. बॅटरीची वायर काढल्याशिवाय तो डॅशबोर्डला हात लावायचा नाही. प्रत्येक जोडाला कथील वितळवून डाख द्यायचा, डाखावर टेप, टेपवर नळी. गाडी झाली का विचारलं तर ‘झाली’ असं उभ्या जन्मात म्हणाला नाही. ‘आज तरी हाय’ म्हणायचा. मी त्याला भागूबाई म्हणायचो. तो हसायचा आणि पुन्हा एकदा सगळे जोड ओढून बघायचा.

त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. मग बॉनेट उघडून डिझेल पंपाच्या डोक्यावरच्या बोंडाकडे बोट दाखवलं. “साहेब, हा विजेचा नळ हाय. चावी फिरवली की उघडतो, करंट गेला की मिटतो. मिटला की डिझेल बंद. तुमचा पंप डिझेलला उपाशी ऱ्हातो का करंटला, ते पयलं बघू.”

“बघू म्हणजे कसं? इथे उभी असताना तर ती कधीच मरत नाही.”

“तेच तर,” तो म्हणाला आणि त्याने कपाळ पुसलं. “रस्त्यावर जायला लागल.”

एक बल्ब घेऊन त्याने त्याची लांब वायर पंपाच्या नळाला जोडली, बल्ब आत आणून काचेपाशी दोरीने बांधला. इंजिन मेलं आणि बल्ब जळत राहिला, तर दोष डिझेलचा. बल्बही विझला, तर दोष करंटचा. एवढं सांगून तो माझ्या शेजारी बसला, आणि दार लागलंय की नाही ते तीनदा पाहिलं.

आम्ही पनवेल सोडलं. बल्ब जळत होता. डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढचा गुंजेएवढा लाल दिवाही जळत होता. कमळाकरने सीट दोन्ही हातांनी धरली होती आणि दर शंभर फुटांवर ‘हळू साहेब’ म्हणत होता. मला राग आला, कारण माझेही हात स्टिअरिंगवर घामाने घसरत होते आणि त्याच्यासारखं उघड घाबरायची मला सोय नव्हती. ज्या रस्त्यावर काल वाचलो, त्याच रस्त्यावर आज गाडी मरावी म्हणून आम्ही निघालो होतो. मागे ट्रक दिसला की मी आरशावरून नजर काढत नव्हतो.

पळस्प्याच्या अलीकडे चाक खड्ड्यात आदळलं आणि इंजिन गेलं. मागे हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. मी गाडी होती तेवढ्या वेगात डावीकडे ओढली. ट्रक उजवा आरसा घेऊन पुढे गेला. काच फुटल्याचा आवाजसुद्धा मला आला नाही, फक्त आरसा जागेवर नाही हे दिसलं. मी कमळाकरकडे पाहिलं, तर तो ट्रककडे बघतच नव्हता. तो गणपतीकडे बघत होता.

“चावीला हात लावू नका,” तो हळू आवाजात म्हणाला. “ऑइलचा दिवा लागलाय, बॅटरीचा लागलाय. म्हंजे चावीतून करंट येतो. माझा बल्ब विझला. आन् देवाचा दिवा पण विझला.”

“मग?”

“देवाच्या दिव्याची वायर मीच पंपाच्या वायरीला जोडलीय, साहेब. दोन्ही एकदम गेले म्हंजे तिथंच तुटलंय. माझ्या जोडात.”

गाडी ढकलून मातीत घेतली. त्याने बॅटरीची वायर काढली आणि डॅशबोर्डखाली हात घातला. टेप काकवीसारखी चिकट होऊन निघून आली. आत तांब्याला हिरवा गंज चढला होता आणि अख्ख्या वायरीतले दोन केस तेवढे एकमेकांना टेकून होते. हादरा बसला की सुटायचे, पुन्हा टेकायचे. त्या दोन केसांवर मी माझी पोर घेऊन पुण्याला जाऊन आलो होतो. आणि जोडाला डाख नव्हता. कमळाकरचा बिनडाखाचा जोड मी पहिल्यांदाच पाहत होतो.

“दसरा व्हता,” तो म्हणाला.

गेल्याच्या गेल्या वर्षीचा दसरा मलाही आठवला. गाड्या धुऊन, हार घालून सगळे त्याच्या टपरीपुढे रांगेने उभे होतो. दसऱ्याला देवापुढचा दिवा तो सगळ्यांना फुकट बसवून द्यायचा. चावीबरोबर लागणारा, चावीबरोबर विझणारा. पण त्याची पकड, टेस्टर, डाखाची कांडी, सगळं सकाळीच पूजेला मांडलेलं. देवापुढे ठेवलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही. त्याच्या बापाने मिठागरातलं फावडंसुद्धा दसऱ्याला कधी उचललं नव्हतं. म्हणून कमळाकरने पंपाची वायर दातांनी सोलली, दिव्याची वायर बोटांनी तिच्यावर पिळली आणि वर टेप गुंडाळली. दातांखाली निम्मे केस तुटले, उरलेले खारट हवेने खाल्ले. “दुसऱ्या दिवशी डाख घ्यायला या, असं म्हटलं व्हतं मी. कोणी आलं नाय. मीबी इसरलो.”

मी तर नक्कीच विसरलो होतो. मग एक विचार आला. “कमळाकर, असे जोड आणखी कितीजणांना दिलेत?”

तो आधीच बोटं मोजत होता. दसऱ्याला वीस-बावीस गाड्या झाल्या होत्या, पण बहुतेकांचं इंजिन तार ओढून बंद होणारं. त्यांचा दिवा विझला तरी गाडी चालणार. विजेचा नळ असलेल्या चारच. एक माझी. एक एसटी स्टँडवरची टॅक्सी, एक तळोज्याच्या कंपनीची जीप. चौथी त्याच्या भाच्याची, हरेशची, नेऱ्याहून पनवेलला माणसं भरून आणणारी.

मी त्याला शहाणपण शिकवलं. म्हटलं, गाजावाजा करू नका. काहीतरी निमित्त काढून एकेकाला बोलवा आणि गुपचूप डाख देऊन टाका. लोकांना कळलं तर टपरीकडे कुत्रं फिरकणार नाही.

“तुमचा आरसा कुठं हाय, साहेब?” त्याने विचारलं.

ट्रकने नेलेल्या आरशाची जागा रिकामी होती; मी निमित्ताचा विषय सोडला. त्याने तिथेच जुनी वायर कापून नवी घातली आणि आम्ही उलट फिरलो. टॅक्सी स्टँडवरच सापडली. कमळाकरने चार टॅक्सीवाल्यांसमोर सांगितलं की चूक त्याची स्वतःची आहे, आणि दिवा कापून काढला. टॅक्सीवाला देवाचा दिवा काढला म्हणून रागावला. मी टेलिफोन बूथवरून तळोज्याला फोन लावला. जीप आत उभी होती, ती गेटबाहेर सोडू नका असं वॉचमनला बजावलं. हरेश मात्र फेरीवर निघाला होता.

नेऱ्याच्या रस्त्यावर कमळाकर ‘हळू’ म्हणाला नाही. समोरून येणारी प्रत्येक जीप तो ओठ हलवत बघत होता. मला माझी पोर डोळ्यांसमोर दिसत होती, त्याला कोण दिसत होतं ते मी विचारलं नाही.

चढावरच्या ओढ्याच्या मोरीपाशी जीप आडवी उभी होती. मागचं चाक मोरीच्या काठावर, चाकामागे दगड, बॉनेट उघडं. माणसं रस्त्यावर उभी होती. कमळाकर गाडी थांबायच्या आत उतरला आणि त्याने आधी माणसं मोजली. “बारा. बारा ना रे हरेश?”

“बाराच, मामा. चढावर मेली, मागं सरकली. बॅटरी गेली वाटतं.”

कमळाकर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. बॅटरी नाही, जोड माझा आहे, दसऱ्याला मी दातांनी केला, तुम्ही खाली गेला असतात तर माझ्यामुळे गेला असतात. मग तो जीपमध्ये वाकला, जुना तुकडा कापला, नवी वायर टाकली, हाताने ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली. इंजिन सुरू झालं.

भाजीची पाटी घेतलेली गोदू म्हातारी सगळ्यात आधी चढली. “चला गो, बसा. कमळ्याने हात लावलाय आता.”

“आजी, थांब जरा,” कमळाकर म्हणाला. “मी रिकामी चालवून बघतो एकदा.”

“बाजार उठंल तवर. तुझ्यावर नाय तर कोनावर भरोसा ठेवू?” ती म्हणाली. बाकीचे हसले, एकमेकांना सरकवत चढले. एका बाईने आपलं तान्हं आधी आतल्या बाईच्या हातात दिलं आणि मग स्वतः चढली. जीप निघाली.

कमळाकर रस्त्यात उभा होता. पकड अजून हातातच होती.

“साहेब, मी सांगितलं ना त्यांना? तुमी ऐकलं ना?”

“ऐकलं.”

“मंग ते बसले कसे?”

मी त्याच्यासाठी दार उघडलं. तो गाडीत बसला, आणि ती पुन्हा मेलीच तर मधे एखादा ट्रक शिरू नये म्हणून मी त्या जीपच्या अगदी मागे गाडी घातली.