हँडब्रेकवरचा हात

मेकॅनिकने जुनी क्लचप्लेट माझ्या हातात ठेवली. तीन वर्षांतच ती पार गुळगुळीत झाली होती.

"ताई, चढावर गाडी हाफ क्लचवर धरता ना? हँडब्रेक ओढत चला."

हॉस्पिटलच्या चढावर नेहमी रांग असायची. डायलिसिसला जाताना बाबा शेजारी बसत आणि सुयांनी काळानिळा पडलेला त्यांचा हात हँडब्रेकवर विसावलेला असे. तो बाजूला करणं माझ्या जिवावर यायचं. मग मी क्लचवरच गाडी तोलून धरायचे. कुणाला जपताना काय झिजतंय, हे तेव्हा कळत नाही.

नवा क्लच बसवून निघाले. वाटेत तोच चढ लागला, तशीच रांग होती. शेजारची सीट मात्र रिकामी होती. मी हँडब्रेक ओढला. तो सहज ओढला गेला.