सुलभाताईंचा हट्टी अंगठा

चौऱ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत सुलभाताई रहाळकरांची डावी पापणी लवायला लागली आणि लखनौच्या मराठी मंडळींत आनंदीआनंद झाला. "डावीच ना? बाईमाणसाला डावी शुभ!" असा निकाल देविकावहिनींनी देऊन टाकला. या वहिनींचे यजमान लखनौजवळच बख्शी का तालाबच्या तळावर हवाई दलात. विमानं ते उडवायचे, बातम्या या. आठवड्याभरात वहिनींनी सुलभाताईंना बढती, लेकीला स्थळ आणि अलीगंजात स्वतःचं घर, सगळं परस्पर मिळवून दिलं.

मग पापणी थांबली आणि पोटरी उडायला लागली. आता पोटरीचं शुभाशुभ कुणाला ठाऊक असणार? कातडीखाली काहीतरी वळवळावं तशी ती फुरफुरायची. महिन्याभरात उजव्या हाताचा अंगठा. टेबलावर ठेवला की आपला आपण टुणटुण उडायचा.

हा अंगठा साधासुधा नव्हता. सुलभाताई केंद्र सरकारच्या एका कार्यालयात वीस वर्षं स्टेनो होत्या. मिनिटाला एकशेवीस शब्द, आणि वर साहेबाचं व्याकरण सुधारून. आजवर तीन साहेब बदलून गेले, सुलभाताईंची खुर्ची हलली नाही. ती ऐट सगळी त्या अंगठ्यावर उभी होती.

एप्रिलात मोठ्या डॉक्टरांनी सुया टोचून तपासणी केली. तपासता तपासता एका आजाराचं इंग्रजी नाव पुटपुटले. ते नाव सुलभाताईंनी वाचनालयात जाऊन शोधलं आणि तिथेच बसून राहिल्या. एकेक करून स्नायू जातात, शेवटी श्वासाचेही, असं तिथे छापलं होतं. तपासणीत मात्र काही निघालं नाही.

"यानी मुझे कुछ हुआ तो नहीं है ना?" सुलभाताईंनी विचारलं.

"अभी तो नहीं," डॉक्टर म्हणाले. "छह महीने बाद दिखाइए."

त्या 'अभी'ने त्यांची झोप खाल्ली. नवरा नंदकुमार रेल्वेत इंजिनिअर, पुलांची तपासणी करणारा. तो म्हणाला, "गाडी गेली की पूल हलतोच, सुलू. जो हलत नाही त्याचीच मला धास्ती वाटते."

"मी पूल नाहीये."

देविकावहिनी समाचाराला आल्या. "सांगलीला आमच्या मामेसासऱ्यांचं अगदी अस्संच सुरू झालं होतं."

"मग?"

"जाऊ दे. तू सरबत घे."

डॉक्टरांच्या सहा महिन्यांची वाट बघणं सुलभाताईंना जमेना. त्यांनी घरचीच परीक्षा काढली. लघुलिपीत काही रेघा हलक्या ओढायच्या असतात, काही दाबून जाड. जाड रेघेला अंगठ्याचा जोर लागतो. रोज सकाळी रेडिओवर इंग्रजी बातम्या लागल्या की त्या वही-पेन्सिल घेऊन बसत. जाड रेघ जाड आली, की दिवस आपला. रुचा कॉलेजला निघताना डोकावायची. "मम्मी, फिर से? सरकार गिर जाए तब भी आप रेघ ही देखोगी!" लेकीला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून हिंदीच यायची.

आणि जूनमधल्या एका सोमवारी जाड रेघ उमटलीच नाही. दाबलं, आणखी दाबलं, तरी फिकी ती फिकीच. सुलभाताईंनी रेडिओ बंद केला. पोळ्या केल्या, डबे भरले आणि कुणाला काही न सांगता कार्यालयात गेल्या.

तिथे मिश्राजींच्या टेबलावर एक अर्ज महिन्यापासून पडून होता. मिश्राजी आस्थापनेतले, जीभ खडीसाखरेची. तब्येतीच्या कारणाने मला डिस्पॅचमध्ये हलकं काम द्यावं, असा तो अर्ज, सुलभाताईंच्या नावाने मिश्राजींनीच टाईप करून ठेवलेला. "मैडम, लिफ़ाफ़े ही तो चिपकाने हैं. आराम ही आराम," ते म्हणायचे. सुलभाताईंच्या खुर्चीवर मिश्राजींच्या मेहुणीची नजर होती, हे अख्ख्या मजल्याला माहीत होतं.

"लाइए," सुलभाताई म्हणाल्या. मिश्राजींनी लगबगीने अर्ज पुढे केला आणि सही जिथे करायची तिथे आपल्या पेन्सिलीने फुली मारायला गेले. "रहने दीजिए, मैं करती हूँ," म्हणत सुलभाताईंनी पेन्सिल ओढून घेतली आणि फुली मारली.

काळीकुट्ट फुली! कागदाला भोक पडायचं बाकी होतं.

त्यांनी पेन्सिल फिरवून बघितली. जुनी, मऊ शिशाची. पर्समधून सकाळी वापरलेली आपली काढली. (सरकारी पेन्सिली घरी जातात, यात नवल ते काय.) ही गेल्या आठवड्यात आलेल्या नव्या खोक्यातली, कडक शिशाची, ड्रॉइंगवाल्यांची. वीस वर्षांची स्टेनो, आणि भीतीपोटी हातातल्या पेन्सिलीचा नंबर बघितला नव्हता!

आधी त्यांना हसू आलं, मग स्वतःचा असा संताप आला की कान तापले. अंगठा उडतच होता. तो काही बरा झाला नव्हता. ऑक्टोबरात डॉक्टर काय सांगतील, तेही कुणाला माहीत नव्हतं. पण रोज सकाळी आपणच आपल्याला नापास करायला बसायचं, आणि वर सहीही आपणच द्यायची?

"मिश्राजी, जिस दिन हाथ नहीं चलेगा, उस दिन मैं ख़ुद बताऊँगी," असं म्हणून त्यांनी अर्जाचे चार तुकडे केले. "और आपकी साली को कहिए, पहले स्पीड तो बढ़ाए."

मिश्राजींची पेन्सिल परत न देताच त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेब कूलर दुरुस्तीबद्दल खरमरीत पत्र सांगायला लागले आणि दुसऱ्याच वाक्याला थबकले. त्यांची नजर टुणटुणणाऱ्या अंगठ्यावर.

"मैडम... आपका अँगूठा..."

"सर, वो अपना काम कर रहा है," वही उलटत सुलभाताई म्हणाल्या, "आप बोलिए. ज़रा तेज़ बोलिए."