शमीमआपा आणि आमचा सोहम

शमीमआपा काल गेल्या.

त्या आमच्या कोण होत्या, ते मला अजूनही कळलेलं नाही.

सोहमच्या वेळी माझं सिझर झालं होतं. अकोल्याचा सरकारी दवाखाना. मला दूधच येईना, आणि पोरगं रडून रडून लालबुंद.

सासूबाई पावडरचा डबा घेऊन हजर. वॉर्डातल्या सिस्टरनी तो पिशवीतून बाहेरच काढू दिला नाही.

"लेकरू अंगावर लावत राय. तेनंच दूध येते."

त्या सारख्या येऊन बसायच्या, बाळ कसं धरायचं ते दाखवायच्या. टाके दुखायचे आणि मला त्यांचा रागच यायचा.

शेजारच्या कॉटवर शमीमआपा. जुन्या शहरातल्या. तिसरी मुलगी झालेली.

"मेरे पास दे ना बाई. अल्लानं मले दोघांपुरतं देलं."

मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई खिडकीबाहेर पाहायला लागल्या.

मी दिलं. तो पोटभर प्यायला आणि झोपला.

मला दूध येईपर्यंत आपांनीच त्याला अंगावर पाजलं. मग सिस्टर म्हणाल्या तसं मलाही आलं.

पुढे ईदला त्यांचा शीरखुर्मा, दिवाळीला आमचा फराळ. सोहम त्यांना आंटी म्हणायचा. त्या मात्र बाजारात भेटल्या की चारचौघांत "माहा पोरगा" म्हणायच्या. मला ते कधी आवडायचं, कधी अजिबात नाही.

काल आम्ही तिघं गेलो. त्यांच्यात परक्या पुरुषांना बाईच्या मयताचं तोंड दाखवत नाहीत, म्हणून हे आणि सोहम बाहेरच थांबले.

तेवढ्यात आपांची मोठी मुलगी दाराशी आली.

"सोहमले आत येऊ द्या. त्यानं अम्मीचं दूध पेलं हाये. तो काई परका नाई."

कॉलेजात जाणारा माझा पोरगा माझ्याकडे बघत राहिला. मी मान हलवली की नाही, आठवत नाही.

तो आत गेला. त्यानं तोंड पाहिलं. तिघी बहिणी त्याला धरून रडल्या, आणि तोही रडला. इतका रडताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय वं, पोराले सुतक लागते का?"

मला माहीत नाही. ह्यांनाही माहीत नाही. कोणाला विचारावं तेही सुचत नाही.

सोहम माझ्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "आई, जनाज्याले खांदा देतानी एकानं विचारलं, तू कोन? मी म्हटलं, मुलगा. तुले राग आला का?"

राग आला का? खरंच समजत नाहीये. पण त्यानं खोटं सांगितलं नाही.

आपा, तुमचा मुलगा माझ्याजवळ आहे. काळजी करू नका.