फॉर्ममधला नळ

लासूर स्टेशनला गाडी हलली तेव्हा आई, तू खिडकीसोबत चालत एवढंच म्हणालीस, "जा तू. हंड्याचं मी बघते."

त्या वर्षी विहिरी आटल्या होत्या आणि टँकरखाली हंडा लावणं माझं काम होतं. अण्णांनी त्यांच्या पाण्यासाठीच्या मोर्च्याची पत्रकं माझ्या पिशवीत कोंबली. असल्या पत्रकांवरच मी वाचायला शिकले होते. शहरात हंडा नसतो, असं मी धरून चालले होते.

आता इथं संभाजीनगरात मी ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. दुखापत झालेल्यांना रोजची कामं पुन्हा शिकवते. मध्यंतरी सुरेखा आली. बावीस वर्षांची, कारखान्यात उजव्या हाताची चार बोटं गेलेली. बजाजनगरात तिघींत एक खोली. स्वतःचं पाणी स्वतः भरलंस तर राहा, नाहीतर गावी जा, असं मैत्रिणींनी तोंडावर सांगितलेलं.

आमच्याकडं सरावासाठी फळीवर ठोकलेला नळ आहे. फॉर्मवर प्रश्न असतो: रुग्ण नळ उघडतो का? दोन आठवडे मी तिच्याकडून ती कोरडी तोटी फिरवून घेतली. शेवटी ती हसली.

"मॅडम, तोटी लई भारी फिरती. पण नळाला पाणी कुठंय? टँकरचा हंडा कसा उचलू, ते सांगा की!"

मला लाज वाटली. मग संताप आला. टँकरखाली वाढलेली मी, आणि फॉर्मवर विश्वास ठेवला! समोर भिंतीवर पोस्टर: 'तरुणांनो, पाणी जपून वापरा.' सुरेखा धुण्याच्या पाण्यानं फरशी पुसते आणि उरलेलं संडासात ओतते. तिला काय शिकवता? आधी पाणी द्या!

तुला फोन केला.

"येडे, हंडा हातानं उचलतात व्हय? आधी मांडीवर, मग कमरेवर. हात नुसता काठाला."

बोटं नव्हती, म्हणून तिनं काठ कोपराच्या घडीत धरला. चौथ्या दिवशी भरलेला हंडा घेऊन ती व्हरांडाभर चालली. खोली वाचली.

"फॉर्ममध्ये हंडा नाही," आमच्या विभागाचे साहेब म्हणाले. मी 'नळ' खोडून 'हंडा' लिहिलं.

जो हंडा टाकून आले, तोच मी इथं शिकवते, आणि त्याला स्वावलंबन म्हणते. तोटी फिरवली की पाणी येतं, त्यालाच मी घर म्हणेन. ते तुला मिळालं नाही, मला नाही, सुरेखालाही नाही. म्हणून शेऱ्याच्या रकान्यात मी पत्रकात लिहावं तसं लिहिलं:

रुग्ण स्वावलंबी आहे. शहर नाही.