खालचे दोन दात

लेक साडेसात महिन्यांची झाली आणि तिचे खालचे दोन दात वर आले. दिसायला कणीएवढे, पण बोट लावलं की धार कळायची.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी ऑफिसला निघण्याआधी मी तिला पाजत होते. तिचं पोट भरत आलं होतं, माझं लक्ष मोबाइलमध्ये होतं, आणि ती कचकन चावली. मी इतक्या जोरात ओरडले की समोरच्या काकू दारात आल्या. लेक दचकली. माझ्याकडे बघत राहिली, मग ओठ वाकडे करून रडायला लागली. असं रडणं तिचं मी आधी ऐकलं नव्हतं.

सासूबाई मेथी निवडत होत्या. "काहून वरडली वं एवढी?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "दात आले म्हणजे भाकर खायाले आली पोट्टी. आता तिचं पिणं तोडून टाक. कडुनिंबाचा पाला वाटून लाव, दोन दिवसांत सोडते का नाही ते पाह्य."

खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. अमरावतीच्या त्या सरकारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्ड रूमची कडी आतून लावायची आणि फायलींच्या गठ्ठ्यांमध्ये बसून दूध काढायचं, याचा मला कंटाळा आला होता. त्यात चावलेली जागा दिवसभर ठणकत होती. पाला वाटायचा की नाही ते घरी गेल्यावर बघू, असं मनाशी म्हणत मी घरी आले.

पण ठरवायची वेळच आली नाही. लेकीला जवळ घेतलं तर तिनं मान फिरवली. दुसऱ्या बाजूला घेतलं तर अंग ताठ करून रडली. वाटीचमच्यानं दूध प्यायली, वरणभात खाल्ला, माझ्या मांडीवर खेळलीसुद्धा. फक्त अंगावर प्यायला तयार नव्हती. शुक्रवारीही तेच. सोडायचं तर मीच म्हणत होते, आणि तिनं सोडलं तेव्हा मला रडू आलं.

नवरा म्हणाला, "तुला तेच पाहिजे होतं ना?"



शनिवारी सकाळच्या एसटीनं मी लेकीला घेऊन अकोल्याला माहेरी गेले. शहराबाहेर आईबाबांचा फुलांचा मळा आहे. आई ओट्यावर बसून शेवंतीचे हार करत होती. मी सगळं सांगेपर्यंत तिचा हात थांबला नाही. कडुनिंबाचं नाव निघालं तेव्हा मात्र तिनं सुई खाली ठेवली.

"तुह्या दादाले लावला होता मीनं," ती म्हणाली. "आठवा महिना होता. असाच चावला होता. तुही आजी म्हणे लाव, मीनं लावला. त्यानं एकदा तोंड लावलं, थू थू केलं, अन् माह्या तोंडाकडे पायत राह्यला. रडला नाई. नुसता पायत राह्यला. तुह्या वेळेस मंग नाई लावला."

ही गोष्ट तिनं मला कधी सांगितली नव्हती. दादा आता दोन मुलांचा बाप आहे.

"मी चावले नव्हते का?" मी विचारलं.

"चावत नव्हती तं काय! पण चावली तं ओढाचं नाई. करंगळी तिच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालाची, पकड आपोआप सुटते. अन् वरडाचं नाई. ते भेलं लेकरू."

मग तिनं मला आतल्या खोलीत पाठवलं. छाती दुखत होती, म्हणून आधी थोडं दूध हातानं काढायला लावलं. लेकीच्या हिरड्या गार पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्यानं तिनंच पुसल्या. "आता जबरदस्ती नको करू. नुसती जवळ घेऊन पडून राय."

मी पडून राहिले. लेकीनं माझ्या गळ्यातल्या मण्यांशी खेळ केला, कुरकुर केली, तिचे डोळे मिटायला लागले. आणि अर्धवट झोपेतच ती तोंड उघडून जवळ आली. मी श्वास रोखून धरला होता. ती प्यायली, बराच वेळ प्यायली, चावली नाही. मी हाक मारली तशी आई दारात आली, बघितलं, आणि परत हार करायला गेली.

रविवारी परत आले. सासूबाईंनी विचारलं, "पेते?" मी म्हटलं, "पिते."

वरचे दात आले तेव्हा लेक आणखी दोनतीनदा चावली. मी करंगळी घालून सोडवायचे, "नाही" म्हणायचे आणि थोडा वेळ खाली ठेवायचे. एकदा मी पाजत असताना सासूबाई शेजारी बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "पाय थांबले तिचे. काढ आता, चावते ते."

मी लगेच सोडवलं. पिताना लेक सारखी पायाची बोटं हलवते, आणि पोट भरलं की ती थांबतात, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी कधीपासून बघून ठेवलं होतं कोण जाणे.

तिनं दीड वर्ष पार करून, सोळा दात आल्यावर, हळूहळू स्वतःच सोडलं. शेवटचं कधी पाजलं ते मला आठवत नाही.